शांघायमध्ये सायकल घेणं सोपं, सोडणं अवघड

प्रश्न असा आला आहे: "ऑक्टोबरात आठवडाभर शांघायला जातोय. मी, बायको आणि दहा वर्षांचा मुलगा. भारतीय पासपोर्ट आणि भारतीय मोबाइल नंबरवर तिथे सायकल भाड्याने मिळते का? किती पैसे लागतात? चालवणं सुरक्षित आहे का? पुढे दोन-तीन दिवस बीजिंग किंवा शीआनचाही विचार आहे."

मिळते. पासपोर्ट भारतीय असला तरी मिळते आणि नंबर भारतातला असला तरी मिळते. दुकान शोधायला नको की काउंटरवर कुणाशी बोलायला नको. फुटपाथच्या कडेला उभ्या असलेल्या सायकलवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन केला की खट्कन कुलूप उघडतं. मी शांघायमध्ये नोकरीला आहे. मेट्रो स्टेशनपासून ऑफिसपर्यंतचा तुकडा याच सायकलींवर जातो आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही त्यांवर बसवतो. पाहुणे अडकतात ते दोन जागी. एक म्हणजे भारतातून निघतानाच फोन तयार नसतो, आणि दुसरं म्हणजे उतरल्यावर सायकल वाटेल तिथे उभी करतात. मधलं चालवणं त्या मानाने सोपं.

आधी फोनचं बघू. चिनी सायकल कंपन्यांची स्वतःची अ‍ॅप्स बरीचशी चिनी भाषेत असतात आणि नोंदणीला चिनी मोबाइल नंबर मागतात. त्यांच्या नादी लागू नका. अलीपे हे पैसे भरायचं एकच चिनी अ‍ॅप घ्या. ते इंग्रजीत चालतं, परदेशी नंबरवर खातं उघडू देतं आणि त्याच्या आतूनच, प्रवासाच्या विभागातून, सायकल उघडता येते. पासपोर्टचा फोटो टाकून ओळख पटवावी लागते. हे काम घरी निवांत बसून करा, हॉटेलच्या लॉबीत बॅगा सांभाळत नको. गूगलचं प्ले स्टोअर चीनमधल्या इंटरनेटवर उघडत नाही, त्यामुळे अँड्रॉइडवाल्यांनी तर आधीच उरकायला हवं. एक अडचण मात्र आहे: २०२० च्या सप्टेंबरात भारताने बंदी घातलेल्या अ‍ॅप्सच्या यादीत अलीपेचंही नाव होतं, तेव्हा ते तुमच्या फोनवर उतरतं का हे बरंच आधी बघा. वीचॅट या मेसेज आणि पैसे दोन्हींच्या चिनी अ‍ॅपवर भारतात २०२० च्या जूनपासून बंदी आहे. इथे सगळा व्यवहार त्यावर चालतो हे खरं, पण आठवडाभराच्या पाहुण्याचं त्यावाचून अडत नाही.

अलीपेला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. रुपे कार्ड चालणार नाही आणि आपलं यूपीआय या सायकलींवरच्या कोडला ओळखत नाही. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशातले व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात, आणि 'आंतरराष्ट्रीय' तसंच 'ऑनलाइन' अशी दोन्ही बटणं बघा. कार्ड जोडताना भारतीय नंबरवर ओटीपी येऊ शकतो, म्हणून तो नंबर रोमिंगवर जिवंत ठेवा, निदान मेसेजपुरता. दोनशे युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे परदेशी कार्डावर जादा शुल्क लावत नाही. त्यावर गेलं की तीन टक्के लागतात. सायकलीचं भाडं त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. तुमच्या बँकेचा परकीय चलनावरचा मार्कअप, म्हणजे जादा आकार, मात्र वेगळा, तो तिच्याकडेच विचारा.

भाडं अर्ध्या तासाला साधारण दीड युआन. युआन सध्या बारा-तेरा रुपयांच्या घरात धरा, म्हणजे अर्धा तास वीस रुपयांच्या आसपास. रोज चालवणार असाल तर आठवड्याचा पास अ‍ॅपमध्येच मिळतो आणि तो आणखी स्वस्त पडतो. खातं प्रत्येकाचं वेगळं हवं. तुमच्या फोनवर तुमची सायकल, वहिनींच्या फोनवर त्यांची. त्यांचं पासपोर्ट पडताळणीचं कामही निघण्याआधीच करून टाका, नाहीतर पहिल्या संध्याकाळी एक जण सायकलवर आणि दुसरा शेजारून चालतोय असं होतं.

आता मुलाचं. चीनच्या वाहतूक नियमांप्रमाणे बारा वर्षांखालच्या मुलाला रस्त्यावर सायकल चालवता येत नाही. तुमचा मुलगा दहाचा आहे, म्हणजे तो या सायकली चालवू शकणार नाही. 'कोण विचारतंय' म्हणून तुमच्या फोनवरून त्याला उघडून देऊ नका, आणि त्याला पुढच्या टोपलीत किंवा मागे बसवूनही नेऊ नका. या सायकलींना मागे बसायला कॅरिअरच नसतो आणि डबलसीट हा इथे दंडाचा प्रकार आहे. त्याची हौस भागवायला पुडोंगमधलं सेंच्युरी पार्क आहे. तिथे आत फिरायला दोघा-तिघांनी मिळून पेडल मारायच्या सायकली भाड्याने मिळतात. शीआनला गेलात तर त्याहून चांगली सोय आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

रस्त्यावर तुम्हाला तीन रंग दिसतील. पिवळी मेइतुआनची, निळी हॅलोची आणि हिरवट निळी दीदीच्या छिंगज्यूची. जुने प्रवासाचे फोटो पाहून नारिंगी मोबाइक शोधू नका. ती कंपनी २०१८ मध्ये मेइतुआनने विकत घेतली आणि तिचं अ‍ॅप २०२० च्या शेवटी बंद झालं. अलीपेमधून हॅलोची निळी सायकल उघडायला मला सर्वांत कमी कटकट वाटते, म्हणून पाहुण्यांना तीच सुचवतो.

स्कॅन करण्याआधी अर्धा मिनिट सायकलीकडे बघा. सीट उलटी फिरवून ठेवलेली दिसली तर ती सायकल बिघडलेली आहे, पुढच्या माणसाला कळावं म्हणून आधीच्याने तशी ठेवलेली असते. ही कंपनीची सूचना नव्हे, लोकांनीच पाडलेला रिवाज आहे, आणि मला तो फार आवडतो. दोन्ही ब्रेक दाबून बघा, सीट वर-खाली होते का ते बघा आणि पेडल एकदा फिरवून बघा. कोडवर दुसरा स्टिकर चिकटवलेला वाटला तर ती सोडा. तशा खोट्या कोडवरून पैसे उकळण्याचे प्रकार झालेले आहेत. शेजारी दहा सायकली उभ्या असतात, एकीवर अडून बसायचं कारण नाही. उंच माणसांची मात्र पंचाईत होते. सीट पूर्ण वर घेतली तरी गुडघे हँडलकडे येतात, आणि सहा फुटी माणसाला तासाभरानंतर ते जाणवतं.

चालवताना भारतीयांसाठी सर्वांत मोठी अडचण म्हणजे रहदारी उजवीकडून चालते. सायकलींना बहुतेक रस्त्यांवर वेगळी लेन आहे, कुठे कठडा घालून, कुठे नुसता पट्टा ओढून. त्या लेनमध्ये आहात तोवर काही नाही. गडबड चौकात होते. आपला हात आपोआप डाव्या बाजूला ओढतो, आणि रस्त्यात उतरताना आपण आधी उजवीकडे बघतो. इथे गाडी डावीकडून येते. शिवाय उजवीकडे वळणाऱ्या मोटारींना लाल सिग्नललाही बऱ्याच ठिकाणी वळायची मुभा असते, आणि ती वळणारी मोटार नेमकी तुमची लेन कापते. तुमचा सिग्नल हिरवा असला तरी मागे एकदा डोकवा. डावीकडे वळायचं असेल तर मोटारींसारखं मधून वळू नका. सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर थांबायचं, दुसरा सिग्नल हिरवा झाला की मग डावीकडे. सगळे तसंच करतात.

दुसरा धोका इलेक्ट्रिक स्कूटरचा. त्या सायकलच्याच लेनमधून धावतात आणि मांजरासारख्या बिनआवाजी मागून येतात. डिलिव्हरीवाले तर सतत घाईत. सायकल अचानक डावीकडे घेऊ नका, फोटो काढायला लेनमध्ये थांबू नका, आणि दोघांनी शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवू नका. रेघ सोडली नाही तर ते तुम्हाला बरोबर चुकवून जातात. हेल्मेटचा विषय पुणेकरांपुढे काढायचा धीर मला होत नाही. साध्या सायकलवर ते इथे सक्तीचं नाही आणि सायकलबरोबर मिळतही नाही.

सिग्नल मोडणं, उलट्या दिशेने जाणं, फुटपाथवरून चालवणं यांना पोलीस थांबवतात. मध्य शांघायच्या मोठ्या चौकांत शिट्टी घेतलेली माणसं उभीच असतात. सायकलस्वाराला कायद्याने पाच ते पन्नास युआनपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण भाषा येत नसताना चौकात पासपोर्ट दाखवत उभं राहण्यात काही मजा नाही.

मोठ्या रस्त्यांपैकी काहींवर सायकलींना बंदीच आहे, कधी पूर्ण, कधी ठरावीक वेळेपुरती. बंड, म्हणजे जुन्या इमारतींच्या रांगेचा प्रसिद्ध नदीकाठ, त्याच्यासमोरचा मुख्य रस्ता त्यातलाच, ह्वाईहाई रोडचा मधला भागही त्यातलाच. लाल वर्तुळात सायकलीचं चित्र दिसलं की समांतर गल्ली धरा. ती बहुधा जास्त सुंदर असते. नानजिंग ईस्ट रोडच्या पायी फिरायच्या भागात तर सायकल ढकलत नेण्याचाही अट्टहास करू नका. शहराच्या मध्यभागी ह्वांगपू नदीवरच्या पुलांवरून किंवा खालच्या बोगद्यांतून सायकल नेता येत नाही. नदी ओलांडायला फेरी बोट आहे, दोन युआनची. या काठावर सायकल सोडा, फेरीने पलीकडे जा, तिथे दुसरी घ्या. नदीवरून बंड आणि समोरच्या काठावरचा लूच्याझुई हा उंच इमारतींचा भाग एकाच वेळी दिसतात. लोक त्यासाठी पर्यटनाच्या बोटीला कितीतरी जास्त पैसे मोजतात.

आता सायकल सोडण्याबद्दल. ती कुठेही सोडता येते, या एकाच गोष्टीवर हा सगळा धंदा उभा राहिला होता. २०१६ मध्ये मोबाइक शांघायमध्ये उतरली. ओफो या दुसऱ्या सायकल कंपनीची सुरुवात त्याआधी पेकिंग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केलेली. सायकल ठेवायला स्टँड नको, खुंट नको, अंगणात सोडा, झाडाखाली सोडा. गुंतवणूकदारांचा पैसा इतका आला की कंपन्या एकमेकींना मागे टाकायला नुसत्या सायकली ओतत गेल्या. मेट्रोच्या दारातून माणसाला बाहेर पडता येईना, फुटपाथ संपले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये शांघायने नव्या सायकली आणायलाच बंदी घातली. तेव्हा शहरात सुमारे पंधरा लाख होत्या. बीजिंगमध्ये तेवीस लाखांवर गेल्या होत्या. जप्त केलेल्या सायकलींचे मैदानभर ढीग तुम्ही फोटोंत पाहिले असतील. ओफोने ग्राहकांकडून आधी ९९ आणि मग १९९ युआन अनामत घेतली होती. २०१८ च्या डिसेंबरात ती परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या वर गेली. याच दोन कंपन्या त्याच वर्षी पुण्यातही आल्या होत्या, आणि ज्या वेगाने आल्या त्याच वेगाने गेल्या. त्या पडझडीनंतर मोठ्या कंपन्या आता सहसा अनामत घेत नाहीत. तुमच्या दृष्टीने चांगलं आहे. पण शहराने सायकल ठेवायच्या जागांवर जो आवळता फास टाकला, तो सैल झालेला नाही.

म्हणून आता प्रत्येक अ‍ॅपच्या नकाशावर ठेवायच्या जागा आखलेल्या असतात. रस्त्यावरही पांढऱ्या रेघांच्या चौकटी असतात. जिथे मनाई आहे तो भाग वेगळ्या रंगात दाखवलेला असतो. सायकलीला स्वतःची जागा उपग्रहावरून कळते. चौकटीबाहेर कुलूप लावलंत तर सायकल परत आणण्याचा खर्च म्हणून पाच ते वीस युआनपर्यंत कापले जातात. कंपनीच्या सेवाक्षेत्राच्याच बाहेर नेली तर जास्तही. म्हणजे दीड युआनच्या फेरीवर त्याच्या दहापट दंड. बंडचा परिसर, नदीकाठचे सुशोभित पट्टे, बागांच्या आतल्या वाटा आणि निवासी संकुलांची आवारं या नेहमीच्या फसव्या जागा. तिथे सायकल नेता येते, म्हणून सोडताही येईल असं पाहुण्यांना वाटतं. निघण्याआधी नकाशावर उतरायची जागा बघून ठेवा. 'तिथे गेल्यावर बघू' हा आपला स्वभाव इथे महाग पडतो.

उंच इमारतींच्या गल्लीत सिग्नल हलतो आणि चौकटीत उभे असूनही अ‍ॅप 'बाहेर आहात' म्हणतं. सायकल दहा-पंधरा पावलं पुढे न्या आणि पुन्हा प्रयत्न करा. तरी ऐकत नसेल तर चौकटीसकट सायकलीचा फोटो काढून ठेवा. अ‍ॅपमध्ये तक्रार करता येते आणि फोटो असला की पैसे परत मिळण्याची शक्यता वाढते. काही सायकलींवर कुलुपाचा दांडा हाताने खाली ओढला की फेरी संपते, काहींवर आधी अ‍ॅपमध्ये 'परत करा' दाबावं लागतं आणि मग कुलूप लागतं. दोन्हींत नियम एकच: अ‍ॅपने फेरी संपल्याचं आणि रक्कम कापल्याचं दाखवेपर्यंत तिथून हलायचं नाही. नुसतं कुलूप लागल्याचा आवाज ऐकून निघून गेलेल्या माणसाचं मीटर रात्रभर चालू राहू शकतं.

रस्ता शोधायला गूगल मॅप्स वापरू नका. तो इथे उघडत नाही, आणि रोमिंगवर उघडलाच तरी चीनमध्ये नकाशे मुद्दाम सरकवलेल्या निर्देशांकांवर काढलेले असल्यामुळे तुमचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत दिसू शकतो. आयफोनचा स्वतःचा नकाशा चांगला चालतो. अँड्रॉइडवर अमॅप घ्या, त्यात सायकलचा वेगळा मार्ग दाखवण्याची सोय आहे.

कुठे चालवावी? माझं मत विचाराल तर जुन्या फ्रेंच वसाहतीच्या भागात, सकाळी सातच्या सुमारास. वूकांग रोड, हूनान रोड, फूशिंग वेस्ट रोड. दोन्ही बाजूंची चिनारच्या जातीची झाडं रस्त्यावर कमान करतात, रस्ते अरुंद आहेत आणि मोटारी हळू चालतात. वूकांग मॅन्शन ही लाडिस्लाव हुडेक या वास्तुकाराने आखलेली, जहाजाच्या नाकासारखी दिसणारी १९२४ ची इमारत. नऊ वाजल्यानंतर तिथे फोटोवाल्यांची एवढी गर्दी होते की सायकल हातात धरून चालावं लागतं. त्या भागात एकदिशा रस्ते पुष्कळ आहेत, पाट्या बघा.

दुसरी जागा नदीकाठ. यांगपू पुलापासून शूपू पुलापर्यंतचा पंचेचाळीस किलोमीटरचा काठ २०१७ च्या अखेरीस सलग जोडून लोकांना खुला केला. चालायची, पळायची आणि सायकलची वाट बऱ्याच ठिकाणी वेगवेगळी आहे. शूह्वी भागात जुन्या कोळशाच्या धक्क्यावर आता लाँग म्यूझियम आहे. संध्याकाळी तिथून दक्षिणेकडे चालवत जावं. यांगपूच्या बाजूला जुने कारखाने आणि १८८३ चं, किल्ल्यासारखं दिसणारं पाणीपुरवठ्याचं केंद्र आहे. पर्यटक तिकडे कमी फिरकतात, मला तोच काठ जास्त आवडतो. फक्त काठाच्या आत सायकल सोडता येत नाही, बाहेरच्या रस्त्यावर येऊन चौकट शोधायची.

१ ते ७ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा. तुमच्या हातात तारखा असतील तर तो टाळा. बंड आणि यू गार्डनच्या आसपास त्या दिवसांत सायकल सोडाच, चालायलाही जागा नसते. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे हवा सायकलसाठी वर्षातली सर्वांत चांगली.

दिवसभर लांब फिरायचं असेल तर या सायकली कामाच्या नाहीत. गिअर नाहीत, टायर भरीव असतात, वजन जास्त. अर्ध्या तासाच्या उड्या मारायला त्या बनवलेल्या आहेत. चाळीस-पन्नास किलोमीटर करायचे असतील तर सायकलच्या दुकानातून गिअरची भाड्याने घ्या. दुकानदार अनामत मागतो ती पैशात द्या. पासपोर्ट ठेवून जा म्हणाला तर दुसरं दुकान बघा. परदेशी माणसाने पासपोर्ट जवळ बाळगावा असा इथला कायदा आहे आणि हॉटेल, रेल्वे, सगळीकडे तो लागतो. अपघात झाला तर पोलिसांना ११० आणि रुग्णवाहिकेला १२०. प्रवास विम्यात सायकल चालवताना झालेली इजा धरली आहे का, हे भारतातच वाचून घ्या.

बीजिंगमध्ये हेच अलीपे, याच तीन रंगांच्या सायकली. शहर सपाट, लेन शांघायपेक्षा रुंद, आणि हूथोंग, म्हणजे जुन्या वस्त्यांतल्या अरुंद गल्ल्या, सायकलशिवाय नीट बघून होत नाहीत. छांगआन अव्हेन्यूच्या आणि थिएनआनमेनच्या आसपास मात्र सायकल उभी करण्याचे निर्बंध फार कडक आहेत. दोन-तीन दिवसच असतील आणि मुलगा बरोबर असेल, तर मी तुम्हाला शीआन सुचवीन. तिथला मिंग काळातला तट शहराभोवती सलग उभा आहे, घेर पावणेचौदा किलोमीटर, आणि वरचा रस्ता दोन मोटारी जातील एवढा रुंद. तटाचं तिकीट काढून वर गेलात की सायकली भाड्याने मिळतात, त्यांत दोघांनी चालवायच्याही असतात. मुलाला मागच्या सीटवर बसवून पेडल मारू द्या. वर मोटार नाही, सिग्नल नाही, स्कूटर नाही. फरशी खडबडीत आहे, पूर्ण फेरीला थांबत-थांबत दोन तास धरा आणि पाणी बरोबर घ्या. सावली जवळजवळ नाही. पाऊस आला की भाड्याने देणं बंद करतात, म्हणून हवामान बघून पहिल्या कोरड्या सकाळीच तट उरका आणि दुपारी तटाच्या दक्षिणेला असलेला बिग वाइल्ड गूज पॅगोडा बघा. भारतातून नेलेले ग्रंथ ठेवायला ह्युएन त्संगने तो ६५२ मध्ये बांधवून घेतला. हा तोच, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथल्या माणसांविषयी लिहून ठेवणारा. मुलाने इतिहासाच्या पुस्तकात वाचला असेल. तिकडे जायला तटाखालून पुन्हा निळी सायकल घेऊ नका, मुलगा बरोबर आहे. मेट्रो थेट जाते.